तराजू आपल्या हाती



तथागत आळवी नावाच्या गावी गेले होते, त्या वेळची एक गोष्ट अट्ठकथेत सांगितली आहे. त्या गावच्या एका गरीब शेतकऱ्याला भगवंतांचा उपदेश ऐकायचा होता. नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधण्यात वेळ गेला, पोटात अन्नाचा कण नाही, आणि अशा दमल्या-भुकेल्या स्थितीत तो सभेत येऊन पोचला. सारी सभा उपदेशासाठी खोळंबली होती, आणि तथागत ह्या एका माणसासाठी थांबले होते. त्यांनी आधी चौकशी केली, भिक्खुसंघाचे जेवण होऊन काही अन्न उरले आहे काय? ते अन्न त्या शेतकऱ्याला वाढायला लावले. त्याचे पोट भरले, मन थाऱ्यावर आले, मग त्यांनी धम्म सांगितला. काही भिक्खूंना ह्याचे नवल वाटले. तेव्हा भुकेल्या माणसाच्या कानात धम्म शिरत नाही, हे तथागतांनी त्यांना समजावून दिले.

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांत आज पौर्णिमेला वंदना होते, त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, लेकरांच्या तोंडी पाली गाथा येतात. ही मोठ्या आनंदाची गोष्ट आहे. पण विहारातून घरी परतलेली माउली पहिल्यांदा काय करते? पिठाचा डबा उघडून पाहते. त्या डब्याविषयी जो धम्म मुका राहील, तो बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला दिलेला धम्म नव्हे. म्हणून आज मी पोटाविषयी बोलणार आहे. आणि त्यातही लहान दुकान, टपरी, हातगाडी आणि डोक्यावरची पाटी ह्यांविषयी बोलणार आहे.

मी शाळामास्तर आहे. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पदवी घेणारा मी पहिलाच. वर्गात नफा-तोट्याची गणिते शिकवतो. ‘एका दुकानदाराने...’ अशी त्या गणितांची सुरुवात असते. आपल्या वस्तीतली मुले गणित बरोबर सोडवतात. पण मोठेपणी कोण होणार असे विचारले, तर पोलीस, ड्रायव्हर, शिक्षक, साहेब अशी उत्तरे येतात. गणितातला तो दुकानदार आपल्यापैकी कोणी असू शकेल, हे त्यांच्या मनातही येत नाही. का येत नाही, ह्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे.

गल्ला आपल्याला परका का?

गावगाड्यात आपल्या पूर्वजांच्या वाट्याला येसकरी आली, सांगावे पोचवणे आले, मेलेली जनावरे ओढणे आले. त्याच्या बदल्यात वतनाचा तुकडा, बलुते आणि दारोदारची भाकरी. हे वतन म्हणजे पायातली बेडी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. ती बेडी कायद्याने तुटायला १९५८ साल उजाडावे लागले. ह्या व्यवस्थेत आपला माणूस राबू शकत होता, मजुरी करू शकत होता. विकू मात्र शकत नव्हता. विकायचे म्हटले म्हणजे घेणारा लागतो. ज्याच्या सावलीचा विटाळ, त्याच्या हातचा गूळ कोण घेणार? अस्पृश्याला व्यापाराची वाट बंद आहे, कारण त्याच्याकडून कोणी सवर्ण हिंदू माल घेणार नाही, असे बाबासाहेबांनी आपल्या लेखनात स्पष्ट नोंदवले आहे.

हा अनुभव खुद्द त्यांनाही चुकला नाही. अमेरिकेत आणि इंग्लंडात अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याची पेढी त्यांनी काढली. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद करावी लागली. ज्यांच्या विद्वत्तेचा डंका पुढे जगभर वाजला, त्यांना बाजाराने जात विचारून परत पाठवले!

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. १९३० च्या अहवालात समितीने लिहिले की, आपल्या लोकांनी हक्क बजावायचा प्रयत्न केला की गाव बहिष्कार पुकारतो, आणि ह्यांना काहीही विकू नको अशी ताकीद गावच्या वाण्याला दिली जाते. लाठी न उगारता माणसाला गुडघे टेकायला लावणारे हे हत्यार होते. मीठ, तेल आणि काडेपेटी बंद झाल्यावर हातावर पोट असलेला माणूस किती दिवस तग धरील?

तेव्हा बंधूंनो, गल्ला ही नुसती पैसे ठेवायची पेटी नाही. आपण विकू शकत नव्हतो, आणि आपल्याला विकायचे की नाही हे दुसरा ठरवत होता. म्हणून वस्तीतल्या एखाद्या भगिनीने घराच्या ओट्यावर चार बरण्या मांडल्या, तर त्याकडे किरकोळ गोष्ट म्हणून पाहू नका. शंभर वर्षांपूर्वी जे दार आपल्या तोंडावर लावले गेले, ते ती उघडत आहे.

कार्ल्याच्या दारातला गंधिक

कोणी म्हणेल, व्यापार ही वाण्या-मारवाड्यांची विद्या, आपल्या धम्माचा तिच्याशी काय संबंध? ह्याचे उत्तर मावळच्या डोंगरांत कोरून ठेवले आहे.

कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही लेणी आपल्याच तालुक्यात आहेत. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून देशावर जाणारा माल ह्याच डोंगरांजवळून जाई. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. हे शैलगृह पूर्ण करवणारा भूतपाल हा वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे मोठा व्यापारी होता. पण मला त्याच्याहून दुसरी दोन नावे जवळची वाटतात. एक आहे धेनुकाकट गावच्या सिंहदत्ताचे. तो गंधिक होता, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. लेण्याच्या दर्शनी भागातल्या एका दाराचे दान त्याने दिले. दुसरे नाव त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे. दाराच्या कामाशी त्याचेही नाव जोडलेले आहे. बेडशाच्या लेण्यात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक ह्याच्या दानाची नोंद आहे.

सिंहदत्ताने कोणते राज्य जिंकले नाही. सुगंध विकून चार पैसे गाठीला बांधले आणि त्यातून बुद्धाच्या चैत्याला दार दिले. त्या काळच्या अनेक राजांची नावे आज कोणाला सांगता येत नाहीत, पण त्या विक्रेत्याचे नाव दगडावर टिकून आहे. पुढच्या वेळी लेकरांना घेऊन कार्ल्याला जाल, तेव्हा त्यांना हे सांगा.

शिवाय तथागतांचे पहिले दोन उपासक कोण होते? तपुस्स आणि भल्लिक, तांड्याबरोबर फिरणारे दोन व्यापारी. सारनाथचे धम्मचक्र फिरण्याआधी त्यांनी भगवंतांना भोजन दिले आणि शरण गेले. व्यापारी माणूस धम्माला कधीच परका नव्हता.

भगवंतांनी सांगितलेला दुकानदार

अंगुत्तर निकायात दुकानदारावर दोन सुत्ते आहेत. पालीत दुकानदाराला ‘पापणिक’ म्हणतात. एका सुत्तात तथागत सांगतात की, जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या कामात मन घालत नाही, त्याला नवे धन मिळत नाही आणि असलेलेही टिकत नाही. भिक्खूंना ध्यानाची शिस्त समजावण्यासाठी त्यांनी दुकानदाराचा दाखला घेतला! सकाळी मन लावून दुकान उघडायचे आणि दुपारी मित्र आला म्हणून फळी लावून निघून जायचे, ही सवय ज्याला आहे त्याने हे सुत्त नीट ऐकावे. आलेले गिऱ्हाईक बंद फळी पाहून एकदा परत जाते, दोनदा जाते, तिसऱ्यांदा येतच नाही.

दुसऱ्या सुत्तात दुकानदाराचे तीन गुण सांगितले आहेत. पहिला, तो डोळस असावा. हा माल एवढ्याला घेतला, एवढ्याला विकला, म्हणजे मुद्दल इतके आणि नफा इतका, हे त्याला दिसले पाहिजे. दुसरा गुण ‘विधुर’. मराठीतला विधुर नव्हे. पालीत त्याचा अर्थ हुशार, खरेदी-विक्रीत तरबेज. तिसरा, तो आधारसंपन्न असावा. हा माणूस कष्टाळू आहे, कुटुंब पोसतो, घेतलेले परत करतो, अशी त्याची ख्याती पाहून पैसेवाले आपण होऊन त्याला भांडवल देऊ करतात. ज्याला आज आपण पत म्हणतो, ती हीच.

पहिल्या गुणाचे एक गणित मांडून दाखवतो. समजा, एक भाजीवाली बाई रोज सकाळी सावकाराकडून ९०० रुपये घेते आणि संध्याकाळी १,००० परत करते. तिला वाटते, शंभरच तर जातात. महिन्याचे २५ दिवस धंदा झाला, तर २,५०० रुपये नुसत्या व्याजात गेले. ज्या ९०० साठी हे चालले आहे, त्याच्या पावणेतीन पटींहून अधिक! तिने पोटाला चिमटा घेऊन रोज ५० रुपये बाजूला टाकले, तर अठराव्या दिवशी तिच्याजवळ स्वतःचे ९०० होतात. एकोणिसाव्या दिवसापासून सावकाराचा शंभराचा घास तिच्या लेकरांच्या ताटात येतो. भगिनींनो, हे अठरा दिवस कठीण आहेत हे मला ठाऊक आहे. घरातला नवरा आणि वाढती मुले ह्यांनी ते अठरा दिवस त्या बाईला सांभाळून घ्यावे. कुटुंबाचा धम्म तो हाच.

मेलेल्या उंदरापासून

भांडवल नाही म्हणून हातावर हात ठेवून बसणाऱ्यांसाठी जातकात चुल्लसेट्ठीची कथा आहे. रस्त्यात मेलेला उंदीर पाहून एक श्रेष्ठी सहज म्हणाला, हुशार तरुण एवढ्या भांडवलावरही संसार उभा करील. एका गरीब तरुणाने ते ऐकले. त्याने तो उंदीर एका मांजरासाठी विकला आणि सर्वांत लहान नाणे मिळवले. त्या नाण्याचा त्याने गूळ घेतला आणि पाण्याचा घडा भरला. रानातून फुले तोडून थकून येणाऱ्या माळ्यांना गुळाचा खडा आणि पाणी दिले. त्यांनी त्याला मूठ मूठ फुले दिली. ती विकून दुसऱ्या दिवशी त्याने जास्त गूळ घेतला. असे करत करत तो मोठा व्यापारी झाला आणि श्रेष्ठीला विसरला नाही. कृतज्ञतेने कमाईतला मोठा वाटा घेऊन त्याच्या दारी गेला.

कथा ही कथा आहे. उंदरापासून कोणी लक्षाधीश होत नाही. पण त्यातली नजर घेण्यासारखी आहे. थकलेला माणूस कुठून येतो आणि त्या वेळी त्याला काय हवे असते, हे त्या तरुणाने पाहिले. आपल्या भागात असे किती रस्ते आहेत! तळेगावच्या कारखान्यांतून पाळी सुटून बाहेर पडणारे कामगार आहेत. पहाटेच्या पुणे-लोणावळा लोकलला धावणारे नोकरदार आहेत. लोहगडावर चढणारी मुले आहेत. गूळ आणि शेंगदाणे ह्या दोन साध्या वस्तूंतून लोणावळ्याच्या चिक्कीचा बाजार उभा राहिला. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेल्या इंद्रायणी तांदळाला शहरात मोठी मागणी आहे. एक-एक किलोच्या स्वच्छ पिशव्या भरून विकायला पेढी लागत नाही. निवडलेला तांदूळ आणि खरे माप लागते.

पण एक इशाराही देतो. भुशी धरणावर पावसाळ्यात एकाने मक्याच्या कणसांची गाडी लावली की शेजारी आणखी दहा लागतात, आणि पाऊस सरला की दहाही बसतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला आणि जुन्या रस्त्याची बरीच वाहतूक तिकडे वळली. रस्ता बदलला की त्या रस्त्यावरच्या टपरीचे गिऱ्हाईकही बदलते. म्हणून शेजाऱ्याने लावले तेच लावू नका. पावसाळ्याचे चार महिने कणीस विकणाऱ्याने उरलेल्या आठ महिन्यांचा विचार पहिल्या पावसाच्या आधी करावा.

काय विकू नये?

तथागतांनी उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले: शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष. ह्यांत दारूबद्दल मी दोन शब्द कडक बोलणार. ज्या विषाने आपल्या वस्त्या पोखरल्या, ते विकून कोणाची गरिबी हटत नाही. एका घरची कमी होते आणि वीस घरांची वाढते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो लपवून विकणारे आहेत. पंचशील म्हणणाऱ्या हातांनी तो विकू नये. मांसाचे म्हणाल, तर नवा धंदा निवडणाऱ्याने तो निवडू नये. पण ज्या घराची चूल आज त्यावरच पेटते त्याला आपण वाळीत टाकू नये. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? त्याला दुसरी वाट शोधून देणे हे विहाराचे काम आहे.

आणखी एक प्रश्न कार्ल्याकडच्या मंडळींना पडतो. एकवीरेच्या पायऱ्यांवर नारळ-फुले विकली तर धम्म बाटतो काय? माझे मत सांगतो. नारळ हे फळ आहे, ते पाच वर्ज्य धंद्यांत बसत नाही. गिऱ्हाईक त्याचे काय करते ही त्याची श्रद्धा आहे. तिची टर उडवू नका. मात्र भीती विकू नका. ताईत, गंडे, दोरे, ‘हे घेतले की इच्छा पुरी होईल’ असली बोली आपल्या तोंडी नको. तसेच शनिवारी गाडीला लिंबू-मिरची टांगू नका. धंद्याला लागणारी नजर गिऱ्हाइकाची असते; ती मळका कपडा पाहते, उघडे अन्न पाहते, हातचलाखीचा तराजू पाहते. गाडी धुवा, माप खरे ठेवा, त्रिशरण म्हणून धंदा सुरू करा.

नाव काय लिहावे?

आता ज्या प्रश्नासाठी अनेकांच्या झोपा उडतात, त्याकडे वळतो. खाण्याची गाडी लावली तर लोक आडनाव विचारतात. तसबीर लावली तर गिऱ्हाईक वळून जाते. ‘गुरुजी, बाबासाहेबांचा फोटो आत ठेवला तर चालेल का?’ असे मला काही तरुणांनी विचारले आहे. ह्या प्रश्नाला हसू नका. त्यामागे घरची उपाशी तोंडे आहेत.

कायदा आपल्या बाजूला आहे. संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने धंदा करण्यात अस्पृश्यतेच्या नावाने अडथळा आणणे गुन्हा ठरवला. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पुढे सुधारणा होऊन सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही गुन्ह्यांत आला. कोणी गाडी उलथली, बहिष्कार पुकारला, तर गप्प बसू नका. तक्रार लेखी द्या. पण कोणाच्या हातचा वडा खावा, हे कायदा गिऱ्हाइकावर लादू शकत नाही. ते काम आपल्या मालाला करावे लागते.

माझे सांगणे असे की, नाव लपवू नका आणि नावावर गिऱ्हाईकही मागू नका. मालाच्या गुणावर मागा. लपवलेले नाव रोज नवे खोटे मागते. आज आडनाव, उद्या गाव, परवा मुलाच्या शाळेचा दाखला. चौथे शील रोज मोडून मिळवलेल्या भाकरीची चव लागत नाही. पहिले काही महिने गिऱ्हाईक कमी येईल. त्या दिवसांत वस्तीने आपल्या माणसाला उभे करावे. आपण आपल्याच बंधूच्या दुकानासमोरून पिशवी घेऊन पलीकडच्या दुकानात जातो, आणि त्याच्याकडे जातो ते उधारी मागायला! हे थांबले पाहिजे. रोख पलीकडे आणि उधार आपल्याकडे, अशाने आपला दुकानदार कसा टिकणार?

तराजूचा उपदेश

दीघजाणु नावाच्या कोलीय गृहस्थाने एकदा तथागतांना विचारले, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, पैसाअडका हाताळतो. आम्हाला ह्या जन्मी हिताचे काय ते सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या: उद्योगात तत्परता, मिळवलेल्याचे रक्षण, सज्जनांची संगत आणि समजीविता. समजीविता म्हणजे मिळकत पाहून खर्च. तिच्यासाठी त्यांनी दृष्टान्त दिला तो तराजूचा. तराजू धरणाऱ्याला जसे कळते की पारडे इतके झुकले, इतके वर गेले, तसे गृहस्थाला आपली मिळकत आणि खर्च कळले पाहिजेत. पाठोपाठ तलावाचा दाखला देऊन धन गळण्याची चार भोके दाखवली: परस्त्रीचा नाद, दारू, जुगार आणि वाईट संगत. अडीच हजार वर्षे झाली, भोके तीच आहेत. फक्त जुगार आता मोबाईलवरही आला आहे.

सिगालाला केलेल्या उपदेशात धनाचे चार वाटे सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन उद्योगात, चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. ज्याची मिळकतच पोटापुरती, त्याला असे सरळ वाटे जमणार नाहीत. पण क्रम तरी पाळता येतो. संध्याकाळी गल्ला मोजला की आधी उद्याच्या मालाचे मुद्दल वेगळे काढा. मग थोडी शिल्लक, ती दहा रुपये का असेना. उरले ते घरात. मुद्दल खाल्ले की दुकान गेले. लग्नात वाजंत्री आणि जेवणावळी ह्यांपायी दुकान विकलेली माणसे तुम्हीही पाहिली असतील.

भांडवल कोणी द्यायचे?

सारा भार गरिबाच्याच डोक्यावर टाकून मी मोकळा होणार नाही. तथागतांनीही तसे केले नाही. कूटदन्त सुत्तात राज्यात लूटमार माजली तेव्हा पुरोहित राजाला सांगतो: नुसत्या शिक्षेने हे थांबणार नाही, शेती करणाऱ्याला बियाणे दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे आणि व्यापार करू पाहणाऱ्याला भांडवल दे. म्हणजे लहान दुकानदाराला भांडवल देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ती भीक नाही.

ते मागायला शिका. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. दीक्षा घेतली म्हणून सवलत गेली, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हक्क केंद्रानेही मान्य केला आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीवर फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी चाळीस टक्के असावेत, असे म्हटले आहे. लोणावळा आणि तळेगावच्या बंधूंनी सर्वेक्षणात आपले नाव आहे का, प्रमाणपत्र मिळाले का, ते पाहावे. २०२० साली आलेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेत पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. २०२५ साली ते १५,००० करण्यात आले. वेळेवर फेडले की पुढचे मोठे कर्ज मिळते. पत वाढते ती अशी. सुत्तातला आधारसंपन्न दुकानदार आठवा!

आणि एक मास्तर म्हणून हात जोडून सांगतो: दुकानाला हात लागतो म्हणून मुलीला शाळेतून काढू नका. शाळा सुटल्यावर तासभर ती हिशेबाची वही लिहील तर तिचेही भले होईल आणि तुमचेही. पण गल्ला भरावा म्हणून दप्तर रिकामे करू नका. दुकानाने आजची भूक भागेल, विद्येने पुढची पिढी उभी राहील. आपल्याला दोन्ही हवे आहे.

येत्या पौर्णिमेला

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वहस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तळेगावात त्यांचे निवासस्थान होते. हा मावळ त्यांच्या पावलांनी पुनीत झालेला आहे. आपले वडील-आजोबा रेल्वेत, डेपोत, कारखान्यांत लागले आणि त्या पगारावर आपली घरे उभी राहिली. आता कायमच्या नोकऱ्या आटत चालल्या आहेत. ठेकेदाराकडची नोकरी आज आहे, उद्या नाही. अशा वेळी स्वतःच्या तराजूचा आधार घराला हवा.

येत्या पौर्णिमेला वंदना झाली की लगेच उठून जाऊ नका. अर्धा तास बसा. वस्तीत कोण काय विकते त्याची यादी करा. चार-पाच शेंगदाणेवाल्यांनी वेगवेगळे किलो-किलो घेण्याऐवजी मिळून एक पोते आणावे. ज्याला लिहिता येते त्याने दोन बायांची हिशेबाची वही घालून द्यावी, एकाने कर्जाचा अर्ज भरून द्यावा. आणि प्रत्येकाने मनाशी ठरवावे की महिन्यातली निदान एक खरेदी आपल्या माणसाकडून, रोखीने करीन.

कार्ल्याच्या दगडावर एका सुगंध विकणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. आपल्या वस्तीतल्या भाजीवालीचे नाव कोणी दगडावर कोरणार नाही. पण तिची लेक उद्या वर्गात ‘एका दुकानदाराने...’ हे गणित वाचील, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तिची आई उभी राहील. तेवढे झाले तरी पुष्कळ झाले.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!